दुपारचा बंध

सारो कन्नारेल्लाच्या उजव्या अंगठ्याला ठसा नव्हता. नव्या ओळखपत्रासाठी तो कचेरीत गेला तेव्हा काचेवर अंगठा ठेवला की यंत्र नकार द्यायचं. कारकुनाने अंगठा पुसायला सांगितलं, ओला करायला सांगितलं, मग वैतागून विचारलं, "काका, तुमचा अंगठा गेला कुठे?"

"दोरावर," सारोकाका म्हणाला. "थोडा थोडा सगळ्या दोरांवर आहे. गोळा करून आणू का?"

पोर्तोपालोत सगळ्यांना ही गोष्ट ठाऊक आहे. आमचं गाव सिसिलीच्या अगदी शेवटच्या टोकाला. इथे माणसाला त्याच्या हातांवरून ओळखतात, कारण तोंडं सगळ्यांची सारखीच, उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने एकाच रंगाची केलेली.

मी यानो. बंदरापाशी वाईनची एक जुनी वखार आहे, तिथे मी कागदाचं काम करतो. वखारीत आता पिंपं नाहीत. तिथे काचेचे गोळे येतात, कलिंगडाएवढे, आत एकतीस डोळे बसवलेले. असे अठरा गोळे दोन बारीक दोरांमध्ये ओवले की एक माळ होते, सातशे मीटर उंचीची. ती माळ किनाऱ्यापासून शंभर किलोमीटर आत, साडेतीन हजार मीटर खोल पाण्यात उभी करायची. तळाशी नांगर, डोक्यावर तरंगता गोळा आणि मध्ये ते डोळे, कायमच्या काळोखात उघडे. अशा माळांचं एक रानच तिथे उभं राहायचं आहे. ते रान म्हणजे दुर्बीण.

ही दुर्बीण आकाशाकडे बघत नाही. ती खाली बघते, पृथ्वीच्या पोटातून आरपार जे येतं त्याच्याकडे. न्यूट्रिनो नावाचा तो कण कशालाच अडत नाही. डोंगर, समुद्र, माणसं, सगळ्यांतून निघून जातो. कोट्यवधींतला एखादा पाण्यात कशाला तरी धडकतो आणि निळा उजेड पडतो, डोळ्याचं पातं लवण्याच्या आत विझणारा. तो उजेड टिपायचा. तो कुठून आला हे कळलं तर फार दूर काय फुटलं, काय जळलं, हे कळतं.

बारमध्ये आस्पानू ट्रॉलरवाला रोज सारोकाकाला विचारायचा, "काय सारो, आज किती लागले?"

"कालपेक्षा कमी."

"काल किती होते?"

"काल एकही नव्हता."

हे इतक्यांदा झालं होतं की कॉफी ओतणाराही वर बघायचा नाही.

सारोकाका या कामात आला तो त्या अंगठ्यामुळेच. आमच्या प्रमुख डॉक्टर लोरेदाना कतानियाहून आल्या तेव्हा त्यांना दोर गुंडाळणारा माणूस हवा होता. अख्खी माळ एका गोल पिंजऱ्यावर गुंडाळतात. दोन माणसांनी हात पसरले तर कवेत मावेल न मावेल एवढा अॅल्युमिनियमचा पिंजरा, त्याला गोळ्यांसाठी खोबणी. जहाजावरून तो तळाशी सोडतात. मग रोबोट जातो, खीळ ओढतो, पिंजरा नांगरापासून सुटतो आणि वर जाता जाता फिरत फिरत माळ उलगडतो. सगळी उलगडली की पिंजरा एकटाच पाण्यावर येतो. म्हणजे गुंडाळताना एक वेढा चुकला, एक जागा अडकली, तर माळ अर्ध्यावर थांबते. तिथे हात पोचत नाही.

बाईंनी गावातल्या चार जाळंवाल्यांना बोलावलं आणि दोराचं भेंडोळं पुढे टाकलं. तिघांनी दोर ओढून बघितला, दातांनीही बघितला. सारोकाकाने डोळे मिटले आणि सगळा दोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोटांतून जाऊ दिला. दीड तास लागला. बाकीचे कंटाळून कॉफी प्यायला गेले. शेवटी त्याने एक जागा चिमटीत धरून बाईंपुढे केली. "इथे जाडी वेगळी आहे."

बाईंनी भिंग लावून पाहिलं. वेगळी होती. केसभर.

"उद्यापासून याल?"

"जेवायला किती वाजता सुटी?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"एक वाजता," सारोकाका म्हणाला. त्याने दुसरं काहीच विचारलं नाही.

तो मूळचा तुना माशांच्या सापळ्यावरचा माणूस. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी समुद्रात जाळ्यांचं एक घरच बांधायचे, खोल्यांमागून खोल्या, आणि वसंतात मासे त्या खोल्यांतून पुढे पुढे जात शेवटच्या खोलीत यायचे. तो धंदा बुडाला तेव्हा सारोकाका बावीसचा होता. नंतर चाळीस वर्षं त्याने ट्रॉलरची जाळी विणली, सांधली. पण हात घडला तो सापळ्यावर, आणि काय शिकायचं ते हात पहिल्या पाच-सहा वर्षांतच शिकतात. पुढे ते फक्त तेच करत राहतात.

सापळ्यावर एक रीत होती. दोर मोकळा ठेवून जेवायला बसायचं नाही. एक वाजला की हातातला दोर जिथे असेल तिथे एका बंधाने बांधायचा आणि मग भाकरीला हात लावायचा. बंध दीसाचा असायचा. दीसा हे इथल्या डोंगरातलं गवत, ओलं करून पिळलं की सुतळीसारखं होतं. जाळी तेव्हा काथ्याची आणि बंध गवताचा. जेवण झालं की माणसं पुढचं काम उचलायची. बंध कुणी सोडायचं नाही. जाळं पाण्यात गेलं, पहिला ताण बसला, की गवत आपोआप तुटायचं. सापळ्याच्या मुख्याला रईस म्हणत. बंध सोडत बसणाऱ्या नवख्याला रईस म्हणायचा, "समुद्राला काहीतरी काम ठेव."

वखारीत गवत चालत नाही. कुसळं, धूळ, ओल, काहीच चालत नाही. डोक्यावर टोपी, हातात पातळ मोजे. सारोकाकाने पहिल्याच दिवशी मोजे काढून ठेवले आणि त्यावर बाई आणि तो दोन दिवस भांडले. शेवटी बाईंनी रोज तीनदा हात धुवायच्या अटीवर मान्य केलं. बंधासाठी मात्र मेण लावलेला नायलॉनचा पांढरा धागा मिळाला. तो तुटत नाही. तो सोडावा लागतो.

एक वाजता काका शेवटचा वेढा पिंजऱ्याच्या दांडीला त्या धाग्याने बांधायचा. दोन वाजता परत आला की धागा कापायचा, तुकडा खिशात घालायचा आणि मला सांगायचा, "काढला." मी तक्त्यावर त्या रकान्यात खूण करायचो आणि दिवसाच्या शेवटी खाली सही. संध्याकाळी पिंजऱ्याला मोठा चिमटा लागायचा, त्याची चिंता नव्हती. चिंता करायची तर फक्त त्या एका धाग्याची, आणि आम्हाला ती कधी वाटली नाही. दहा माळा गेल्या. दहाही उलगडल्या. आज मला कळतं की त्या दहाही माळांवर, रोज दुपारी दोन वाजता, सारोकाका आपल्याच हाताच्या विरुद्ध काम करत होता.

अकरावी माळ मे महिन्यात जहाजावर चढली. सगळं नेहमीसारखं होतं. बुधवारी जहाज निघालं, शुक्रवारी दुपारी माळ तळाशी टेकणार होती. शनिवारपासून सिरोक्को, आफ्रिकेकडचा वारा, सुटणार असं हवामानवाले सांगत होते आणि म्हातारेही सांगत होते. दोघांचं एकमत झालं की आमच्याकडे वारा येतोच. म्हणजे जहाजाला एकच संधी होती.

पुढचं मला चेत्तीनाकाकूने सांगितलं. ती सारोकाकाची बायको.

शुक्रवारी सकाळी काका घरामागे टोमॅटोची रोपं काठ्यांना बांधत होता. दीसाच्या गवताने. अर्धी ओळ झाली होती. काकूने जेवायला हाक मारली तशी त्याने हातातल्या सुतळीला एक बंध मारला आणि आत आला. जेवला. परत गेला आणि पुढच्या रोपापासून सुरुवात केली. चार-पाच रोपं बांधून झाल्यावर तो थांबला, मागे वळून त्या बंधाकडे बघत राहिला. काकू भांडी घासत खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, छातीत दुखतंय की काय.

तो आत आला. "बरणी कुठे आहे?"

"कसली बरणी?"

"धाग्यांची."

चेत्तीनाकाकू त्याच्या खिशातले ते पांढरे तुकडे फेकत नसे. मेण लावलेला धागा, चांगला मजबूत. ओरेगानोच्या जुड्या बांधायला, मांसाच्या गुंडाळ्या बांधायला उपयोगी. कपडे धुताना खिसा उलटा करायचा, तुकडे बरणीत टाकायचे.

"गेल्या आठवड्याच्या विजारीतून किती निघाले?"

"तीन."

"चार असतील. चार दिवस गुंडाळत होतो."

"सारो, पन्नास वर्षं मी तुझे खिसे उलटे करतेय. तीन होते. सोमवारी धुतली ती विजार. तीन तुकडे आणि एक बडीशेपेची गोळी."

"एखादा वाहून गेला असेल."

"गोळी नाही गेली आणि धागा गेला?"

काकाने टोपी घातली आणि निघाला.

मी दारात बसून मटार सोलत होतो. तो आला, समोरच्या पायरीवर बसला आणि मटारची एक शेंग घेऊन सोलू लागला. मला वाटलं, वेळ घालवायला आला.

"यानो, तिसऱ्या दिवशी दुपारी काय झालं आठव."

"काय झालं?"

"जेवताना."

मी आठवलं. तिसऱ्या दिवशी आमचं जेवण चाललं होतं आणि माळेच्या डोक्यावरचा तरंगता गोळा घेऊन ट्रक आला होता. चालकाला घाई होती. आम्ही सगळेच उतरवायला गेलो. पेटी मोठी, दारातून जाईना, दार काढावं लागलं. परत आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. आणि बाईंनी चौदाव्या गोळ्याची पकड पुन्हा बघायला सांगितली होती, म्हणून काकाने काम पिंजऱ्याच्या दुसऱ्या बाजूने उचललं.

"हो, ट्रक आला होता. मग?"

"मी 'काढला' म्हणालो होतो का?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "रकान्यात खूण आहे."

"खूण तू केलीस. मी म्हणालो होतो का?"

"म्हणाला असाल. रोज म्हणता."

"रोज म्हणतो ते ठाऊक आहे. त्या दिवशीचं विचारतोय."

मला आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर त्याच्या ओठांकडे बघूनच माझा हात रकान्याकडे जायचा. तो काही म्हणाला असेल किंवा नुसता घसा खाकरला असेल.

"खिशात तीन निघाले," तो म्हणाला. "चार हवेत."

माझ्या मनात जे आलं ते फार चांगलं नव्हतं. तक्त्याखाली सही माझी होती. दोन मुलं शाळेत, आणि गावात कागदाचं काम एकच.

"काका, एक धागा. खाली वाकताना पडला असेल. आणि राहिलाच असेल तर पिंजरा केवढ्या जोराने वर ओढतो. तुटेल."

"तुटेल. कदाचित. तुटताना दोराला चावेल. किंवा तुटणार नाही. मग पाच गोळे खाली आणि तेरा गोळे वर पिंजऱ्यातच, आणि वर कोण सोडवायला जाणार, तू?"

"आत्ता तीन वाजलेत. खाली पोचली असेल ती."

"म्हणून तर चालत आलो नाही, धावत आलो. सत्तरीच्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाहीस." तो उठला. "तू सही केलीस तेव्हा दोराकडे बघितलं होतंस?"

"तुमच्याकडे बघितलं."

त्याने मान हलवली, जणू हिशेब जुळला. "माझ्याकडे सगळेच बघतात. चल, स्कूटर काढ."

दुर्बिणीच्या किनाऱ्यावरच्या केंद्रात पडदे लावून अंधार केलेला असतो. समोर पडद्यावर समुद्राचा तळ दिसत होता. करडा चिखल, रोबोटच्या दिव्याचं वर्तुळ, आणि त्या वर्तुळात आमचा पिंजरा, आम्ही पाठवला तसाच, गोळे खोबणीत बसलेले. मी तो रोज डोळ्यांसमोर पाहिला होता, पण तिथे तो कुणी दुसऱ्यानेच केलेला वाटला. रोबोटचा हात खिळेच्या दिशेने सरकत होता. जहाजावरचा प्रमुख पीट नावाचा डच माणूस होता. त्याचा आवाज यंत्रातून येत होता, संथ, एकेक पाऊल सांगणारा.

डॉक्टर लोरेदानांनी मागे वळून बघितलं. काकाला त्या मास्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणायच्या. "मास्त्रो सारो, बघायला आलात? बसा."

"डॉक्टरबाई, त्याला थांबवा."

"कुणाला?"

"खीळ काढू नका म्हणावं."

त्यांनी त्याच्या तोंडाकडे एक क्षण बघितलं आणि बटण दाबून पीटला थांबायला सांगितलं. रोबोटचा हात जागीच थांबला. हे मी विसरणार नाही. कारण विचारण्याआधी त्यांनी थांबवलं.

मग काकाने सांगितलं. ट्रक, दार, दुसरी बाजू, बरणी, तीन धागे. त्याने लांबण लावली नाही आणि स्वतःची बाजूही घेतली नाही. मी मध्येच म्हणालो की सही माझी आहे आणि मी बघितलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"तुमची खात्री आहे?"

"नाही."

"अर्धी?"

"डोक्याला अर्धी आहे. हाताला पूर्ण आहे."

"कुठे?"

"तेरा आणि चौदाच्या मध्ये. डावीकडची दांडी. वरून दोन वेढे आलेत त्याच्या."

रोबोटला पिंजऱ्याभोवती फिरवलं. दिवा डावीकडच्या दांडीवर आला. गोळ्याची सावली, दोराचे वेढे, सगळं पांढरं. काका पडद्याला नाक लावून उभा राहिला. मग मागे झाला. "यातून नाही दिसणार. बोट लावल्याशिवाय नाही."

पीट यंत्रातून काहीतरी लांबलचक बोलला. बाईंनी आम्हाला थोडक्यात सांगितलं: वर घ्यायला तीन तास. आज पुन्हा सोडायला वेळ उरणार नाही. उद्या वारा. म्हणजे जहाज बंदरात, किती दिवस ते सांगता येत नाही. आणि एवढं करून धागा नसला तर त्याचं उत्तर बाईंना द्यावं लागणार.

"नसला तर मी देईन," काका म्हणाला.

"तुम्हाला कोण विचारणार आहे, मास्त्रो सारो," बाई म्हणाल्या. रागावून नाही, खरं तेच. त्या थोडा वेळ पडद्याकडे बघत बसल्या. मग त्यांनी बटण दाबलं. "वर घ्या."

आम्ही दोघे बाहेर समुद्राकडच्या भिंतीवर बसलो. ऊन उतरायला लागलं होतं, समुद्र गुळगुळीत, वाऱ्याच्या आदल्या दिवशी असतो तसा. शंभर किलोमीटर पलीकडे एक दोरखंड जहाजाच्या विंचवर गुंडाळला जात होता आणि त्याच्या टोकाला, अजून काळोखातच, आमचा पिंजरा वर येत होता. मला एकसारखं वाटत होतं की तो आम्हाला इथून दिसेल.

आस्पानू बंदराकडे जाताना थांबला. "काय सारो, आज किती लागले?"

काका समुद्राकडेच बघत राहिला. आस्पानूने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने खिशातून दोन संत्री काढून भिंतीवर ठेवली आणि गेला.

"नसू दे," काका म्हणाला.

"काय?"

"धागा. तिथे नसू दे."

"नसला तर सगळं गाव हसेल. जहाज परत आणलं म्हणून."

"हसू दे. आस्पानू मरेपर्यंत हसेल. मला म्हातारचळ लागला म्हणतील. म्हणू दे. डोकं गेलं तरी चालतं या कामाला." त्याने उजवा हात मांडीवर उलटा करून ठेवला आणि बघू लागला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "धागा असला तर मग हे गेलं."

मी एक संत्रं सोललं, अर्धं त्याला दिलं. त्याने ते हातात धरून ठेवलं, खाल्लं नाही.

सात वाजायच्या सुमाराला बाई बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका स्पष्ट दिसत होती. त्यांचा निर्णय बरोबर ठरला होता.

"होता," त्या म्हणाल्या. "तेरा आणि चौदाच्या मध्ये. तुम्ही सांगितलं तिथेच, डावी दांडी. पीट म्हणतोय, तुम्हाला त्याच्यातर्फे एक पेटी वाईन."

काकाने विचारलं, "गाठ कशी होती?"

"म्हणजे?"

"सैल झाली होती का?"

"सुरीने कापावी लागली म्हणाला."

"अच्छा," काका म्हणाला. भिंतीवरून उतरला, टोपी नीट केली. "चांगली मारली होती मग."

मी स्कूटरवरून सोडतो म्हणालो. तो चालतच गेला.

वारा आठ दिवस वाहिला. सगळ्या गावावर लाल धूळ बसली. नवव्या दिवशी जहाज पुन्हा निघालं, माळ खाली गेली, खीळ निघाली, पिंजरा फिरत फिरत वर गेला आणि अठराही गोळे एकामागून एक पडद्यावर जागे झाले. सारोकाका ते बघायला आला नाही. मी त्याच्या घरी निरोप घेऊन गेलो तेव्हा तो टोमॅटोत होता. "उलगडली," मी म्हणालो. तो "बरं" म्हणाला आणि काठ्या रोवत राहिला.

माझ्या नावावर एक ताकीदपत्र आलं. ते योग्यच होतं. काकाच्या नावावर काही आलं नाही, कारण तो पगारी माणूस नव्हता, माळेमागे बोलावलेला कारागीर होता. त्याला पुन्हा बोलावलं नाही की झालं. वरच्या लोकांचं तेच म्हणणं होतं असं कानावर आलं.

जुलैमध्ये बाई त्याच्या घरी गेल्या. मला बरोबर नेलं, बहुधा एकटीने जाऊन बोलायला अवघड जाईल म्हणून. काकूने बदामाचं थंडगार दूध आणलं.

"दुसरा बघा," काका म्हणाला. "मी जाळी सांधतो आता. जाळं फाटलं तर मासा जातो, एवढंच."

"बघितला दुसरा," बाई म्हणाल्या. "तरुण आहे. डोंगर चढायचे दोर तपासतो. फार हुशार. आल्या आल्या त्याने विचारलं, गुंडाळायचं यंत्र कुठे आहे."

काकू हसली. काका हसला नाही.

"डॉक्टरबाई, माझा हात माझ्या हातात नाही. तुम्हाला कळत नाहीये. मला तेव्हा आठवलं नाही असं झालेलं नाही. मला करायचंच नव्हतं. हाताला वाटलं, समुद्र करेल."

"मग आता काय म्हणतो हात?"

"तेच म्हणतो. तो मेला तरी तेच म्हणेल."

"तर मग बांधू नका."

"बांधू नको तर जेवू कसा? दोर मोकळा टाकून?"

"ते तुम्ही ठरवा. सोमवारी आठला वखार उघडते." त्यांनी दूध संपवलं, पेल्याच्या तळाचे बदाम बोटाने काढून खाल्ले आणि उठल्या.

"विजार धुऊन ठेवते," काकू म्हणाली, काकाकडे न बघता.

सोमवारी तो आला. तीनदा हात धुतले. बाराव्या माळेचा दोर सबंध बोटांतून जाऊ दिला, डोळे मिटून, आधीच्यासारखाच, फक्त दुप्पट वेळ घेऊन. एक वाजला. बाकीचे जेवायला गेले. मी तक्ता घेऊन थांबलो. मेणाच्या धाग्याचं रीळ खुंटीवर होतं. त्याने तिकडे बघितलं नाही.

त्याने पायाने स्टूल ओढलं आणि पिंजऱ्याला टेकून बसला. दोर डाव्या तळहाताभोवती एक वेढा घेऊन मुठीत धरला, ताण होता तसाच ठेवला. उजव्या हाताने डबा उघडायला गेला, उघडेना. मी उघडून दिला. पाव, वाळवलेले टोमॅटो, खारवलेल्या तुनाची एक चकती. तो एका हाताने जेवला, सावकाश, समोरच्या भिंतीकडे बघत. जेवण संपलं तरी उठला नाही. दोन वाजेपर्यंत तसाच बसून राहिला, मूठ मिटून. माशी नाकावर बसली ती मी हाकलली.

"रोज असंच?" मी विचारलं.

"रोज."

"हात दुखेल."

"दुखू दे. काहीतरी करतोय हे कळेल त्याला."

दोन वाजता त्याने मूठ उघडली आणि काम उचललं. तळहातावर दोराचा पांढरा वण होता, हळूहळू लाल होत गेलेला. मी बंधाच्या रकान्यात शून्य लिहिलं. त्याच्याकडे पाहायची सवय होती, मान तिकडे वळलीसुद्धा. मग मी तक्ता खाली ठेवला, पिंजऱ्याभोवती फिरलो, दांडी आणि वेढा बोटाने चाचपून बघितला आणि परत येऊन सही केली.

"पलीकडून पण बघ," तो म्हणाला.

मी पुन्हा उठलो आणि पलीकडून बघितलं.